कुठला राजाराम?

माझ्या बहिणीच्या मुलाला लिस्बनला जायचं होतं, म्हणून आम्ही आजोबांची ट्रंक उघडली. गोव्यात अशा ट्रंका हल्ली घरोघर उघडतात. १९ डिसेंबर १९६१च्या आधी, पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या माणसाची नोंद सापडली, की त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. ज्या कागदांकडे साठ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता देव्हाऱ्यातल्या टाकांसारखे जपून हाताळले जातात. भाच्याला माझ्या वडिलांचा, म्हणजे त्याच्या आजोबांचा, जन्मदाखला हवा होता. तो मिळाला. एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण शिक्का शाबूत.

त्या दाखल्याखाली जुन्या पंचात गुंडाळलेला आणखी एक कागद होता. राजाराम हायस्कूल, कोल्हापूर. शाळा सोडल्याचा दाखला, साल १९३६. नाव माझ्या आजोबांचं, गाव कुंभारजुवे. वर्तणूक चांगली.

भाच्यानं तो उजेडात धरला आणि विचारलं, "मावशी, हा राजाराम कोण?"

"शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव," मी म्हटलं. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेलं तोंड, उत्तर द्यायला वेळ लागला नाही. आणि ते उत्तर चुकीचं होतं. ज्या शाळेमुळे आमच्या घरात मराठी शिक्षण आलं, त्या शाळेवर नाव कुणाचं आहे हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. हे मला लागलं. हा लेख त्यातूनच आला आहे.

आजोबांच्या बोलण्यात ती शाळा कधी 'शाळा' म्हणून आलीच नाही. ते म्हणायचे, "मी राजारामात असताना..." आम्हा मुलांना वाटायचं, कोल्हापुरात राजाराम नावाचे कुणी मामा आहेत आणि आजोबा लहानपणी त्यांच्या घरी राहत होते. 'राजारामात' आजोबा भूमिती शिकले, 'राजारामात' त्यांना पहिल्यांदा थंडी म्हणजे काय ते कळलं, 'राजारामात' असतानाच त्यांनी खासबागच्या मैदानात कुस्ती पाहिली. शाळा, वसतिगृह, शहर, सगळं त्या एका नावात मावलेलं.

आमचं घर सोनारांचं. कुंभारजुवे हे बेट, मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कालवा आमच्या अंगणापलीकडून जातो. माशेलच्या बाजूला पाहिलं की माड, आणि गणेशचतुर्थीच्या दिवसांत सांगोडाच्या, म्हणजे दोन-दोन जोडून बांधलेल्या, होड्या. पणजोबांची शेगडी ओसरीच्या कोपऱ्यात असायची. फुंकणी, मूस, सांडशी, तार ओढायची जंत्री. त्यांच्याकडे गिऱ्हाईक पैंजण, वाळे, तोडे करून घ्यायला चांदी म्हणून रुपये आणून देत. पोर्तुगीज इंडियाची ती रुपिया, १८८१-८२ची, एका बाजूला दों लुईश राजाचं तोंड. पणजोबा ते नाणं मुशीत टाकत. आजोबा सांगत, की लहानपणी ते मुशीवर वाकून बघत बसायचे. आधी राजाची दाढी जायची, मग नाक, मग सगळं चेहऱ्याचं एक लखलखीत पाणी व्हायचं. ते पाणी कुणाच्या तरी नातीच्या पायात छुमछुमायचं.

राजांशी आमचा संबंध एवढाच होता. १९१० मध्ये लिस्बनमधला शेवटचा राजा पळाला आणि तिथं प्रजासत्ताक आलं. धर्म सरकारापासून वेगळा झाला आणि गोव्यातल्या हिंदूंना उघडपणे शाळा, वाचनालयं चालवायची उमेद आली. पणजीत १९०८ पासून मुष्टिफंड होताच. ते नाव मला अजून ऐकलं तरी आवडतं: घरच्या बाईनं रोज भात रांधताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि त्या मुठीमुठींवर शाळा उभी करायची. फोंड्याला १९११ मध्ये गोवा विद्याप्रसारक मंडळ निघालं. इंग्रजीची वाटही होती. हडफड्याला फादर लायन्स यांची सेंट जोसेफ ही शाळा १८८७ पासून मुलांना मुंबईच्या बाजूला तयार करत होती.

पण सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज. गावात 'प्रिमेरु ग्राव', 'सेगुंद ग्राव' या प्राथमिकच्या दोन पायऱ्या आणि पुढं ज्याला झेपेल त्याला पणजीचं लिसेव, म्हणजे माध्यमिक शाळा. ते १८५४चं. त्याला पुढं नाव दिलं आफोंसो द आल्बुकेर्क यांचं, १५१०मध्ये गोवा जिंकणाऱ्याचं. जिंकणाऱ्याच्या नावाच्या शाळेत जिंकलेल्यांची मुलं शिकायची. लिसेवातून मोठमोठी माणसं बाहेर पडली, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण सोनाराच्या तिसऱ्या मुलाला तिथला खर्च परवडणारा नव्हता, आणि पोर्तुगीज शिकून तो करणार काय? नोकऱ्या मुंबईत. मुंबईत मॅट्रिक लागायची. मॅट्रिकला इंग्रजी लागायचं, आणि ज्या भाषेतून इंग्रजी समजून घ्यायचं ती मराठी.

इथं बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बोलायची भाषा कोंकणी. भांडायची, लाड करायची, रडायची कोंकणी. पण पोथी मराठी, आरती मराठी, कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, पणजोबांची हिशेबाची वही मराठी आणि तीही मोडीत. म्हणजे देवाशी, गिऱ्हाइकाशी आणि नाटकातल्या राजाशी मराठीत, आणि एकमेकांशी कोंकणीत. याचं कुणाला ओझं वाटत नव्हतं. पुढं गोव्यात या दोन भाषांवरून जे कडू दिवस आले, त्या दिवसांत आजोबा फार गप्प असत. एकदाच म्हणाले होते, "एक जीभ आवयन दिली, एक म्हाका मागून घेंवची पडली. दोनूय म्हज्योच." आवय म्हणजे आई.

मागून घेतली ती कोल्हापुरात.

कोल्हापूरच का? त्याला कारण होतं राजर्षी शाहू महाराज. १९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिलं बोर्डिंग काढलं, आणि मग वीस वर्षांत एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं, शिंपी, ख्रिस्ती, सारस्वत आणि दैवज्ञ. दैवज्ञ म्हणजे आम्ही, शेट लोक. सारस्वतांची आणि दैवज्ञांची घरं तर कोकणपट्टीपासून गोव्यापर्यंत आणि खाली कारवारपर्यंत पसरलेली. कुणाच्या तरी चुलत्यानं, कुणाच्या तरी मेहुण्यानं पत्र पाठवायचं की इथं जेवणाराहण्याची सोय आहे, पोराला पाठवा. सरकारं दोन, सरहद्द एक, पण पत्रातली नाती सरहद्द जुमानत नसत. शाळांचा इतिहास लिहिताना इमारत आणि मुख्याध्यापक यांची नावं येतात. मला वाटतं, ज्या खोलीत मूल रात्री झोपतं त्या खोलीचा उल्लेख आधी यायला हवा. दूरच्या गावच्या गरीब मुलासाठी शाळेचं दार वसतिगृहातूनच उघडतं.

आजोबा १९३१च्या जूनमध्ये निघाले. वय तेरा. आगशीहून कुठ्ठाळीला नावेनं, तिथून मडगाव, मडगावहून आगगाडी. कुळ्याला पोर्तुगीजांचा जकात-तपास. मग दूधसागराच्या तोंडावरून गाडी घाट चढते. ते सांगायचे की पावसाचं आणि धबधब्याचं पाणी एकच झालं होतं, डब्यात खिडकीपाशी बसलेले सगळे भिजले, आणि त्यांना वाटलं आपण आता जगाच्या वर निघालो. वर कॅसलरॉकला ब्रिटिशांचा तपास. पणजीआजीनं बांधून दिलेली फणसाची साठं तिथल्या शिपायानं उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि परत दिली. लोंढा, बेळगाव, मग मिरज. मिरजेहून कोल्हापूरला जाणारा फाटा संस्थानानं १८९१ मध्ये सुरू केलेला. मिरजेला गाडी बदलायची होती.

मिरजेच्या फलाटावर त्यांना तहान लागली. त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं, "उदक मेळटलें?"

तो म्हातारा चमकला. मराठीत उदक म्हणजे संकल्पाचं, तर्पणाचं. प्यायचं ते पाणी. त्यानं आजोबांना आपल्या तांब्यातलं पाणी दिलं, आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, पाणी पितात. उदक सोडतात."

आजोबांनी ही गोष्ट आम्हांला किती वेळा सांगितली असेल! प्रत्येक वेळी म्हाताऱ्याचा आवाज काढायचे. ती त्यांना मिळालेली मराठीची पहिली शिकवणी, आणि दिली ती शाळेत पोचायच्या आधी एका अनोळखी माणसानं. 'उदक सोडणे' म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा सोडणे, हे त्यांना पुढं वर्गात कळलं. तेव्हा, म्हणायचे, पोटात कालवलं. घरात रोज दहा वेळा बोलला जाणारा शब्द इथं निरोपाचा शब्द होता.

आता तो राजाराम.

भाचा लिस्बनला गेल्यावर मी त्या दाखल्यावरच्या नावामागे लागले. कोल्हापूरच्या गादीशी जोडलेले राजाराम तीन. पहिले शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, जन्म १६७०, सिंहगडावर १७००मध्ये वारले. त्यांच्या राणी ताराबाई, आणि त्यांच्यापासून करवीरची गादी. मी भाच्याला सांगितले ते हे. तिसरे राजाराम म्हणजे शाहू महाराजांचे पुत्र. १९२२ ते १९४० त्यांचं राज्य. आजोबांनी पाहिलेले छत्रपती हेच. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला हत्ती-घोड्यांच्या मिरवणुकीत त्यांनी त्यांना लांबून पाहिलं होतं, आणि कदाचित शाळा यांच्याच नावाची अशी त्यांचीही समजूत असेल.

पण शाळेवर नाव आहे ते मधल्याचं. ज्यांचं नाव फार कुणी घेत नाही त्यांचं.

हे दुसरे राजाराम १८५०चे. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले, सोळा वर्षांचे. इंग्रजी उत्तम शिकले. १८७०च्या उन्हाळ्यात त्यांनी विलायतेला जायचं ठरवलं. राज्यावर असलेल्या हिंदू राजानं समुद्र ओलांडणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. काळं पाणी म्हणजे धर्म गेला असं मानणारा तो काळ. निघण्यापूर्वी त्यांनी कोल्हापुरात जी शेवटची कामं केली त्यांत एक होतं, हायस्कूलच्या इमारतीची कोनशिला बसवणं. ते हायस्कूल १८६७ पासून चालू होतं, आता त्याला स्वतःचं घर मिळणार होतं.

कोनशिला बसवली आणि ते गेले. लंडन पाहिलं, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. रोजच्या रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर युरोप उतरत इटलीत आले, तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. फ्लॉरेन्स शहरात, एका हॉटेलात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते वारले. वय वीस.

फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होतं. त्या शहरानं दहन कधी पाहिलं नव्हतं. बरोबरच्या माणसांनी सांगितलं की आमच्याकडे माती देत नाहीत, अग्नी देतात, आणि तोही संगमावर. तिथल्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. शहराच्या टोकाला कॅशिने नावाचं मोठं उपवन आहे. त्याच्या शेवटी मुन्योने नावाची लहान नदी आर्नो नदीला मिळते. तिथं चिता रचली. कोल्हापूरकरांची पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा मेळ. संगमाशेजारी वाढलेल्या मुलाला परमुलखातही संगम शोधून दिला गेला. ज्यांनी कुणी तो शोधला, त्या सोबतच्या माणसांचा मी फार विचार करते. आपला राजा परक्या गावात मेला आहे, भाषा येत नाही, डिसेंबरची थंडी, आणि ते विचारत फिरताहेत: इथं दोन नद्या कुठं मिळतात?

कोल्हापुरात इमारत उभी राहत होती. १८८० मध्ये त्याच वास्तूच्या आसऱ्यानं कॉलेज सुरू झालं, राजाराम कॉलेज. पुढं कॉलेज सागरमाळाला गेलं, हायस्कूल भवानी मंडपाजवळच राहिलं. रॉयल इंजिनिअर्समधले मेजर चार्ल्स मँट यांनी या इमारतीचा आराखडा केला होता. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा त्यांचाच. आणि फ्लॉरेन्सला त्या संगमापाशी १८७४ मध्ये राजारामांचं स्मारक उभारलं गेलं, तेव्हा भारतीय घडणीच्या त्या छत्रीचं रेखाटनही मँट यांनीच केलं. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. म्हणजे एकाच हातानं त्या मुलाची शाळाही आखली आणि समाधीही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. पुढं करवीरच्या गादीच्या नशिबी आणखी बरंच दुःख होतं. त्यांच्यानंतर दत्तक आलेल्या महाराजांना कारभाऱ्यांकडून जी वागणूक मिळाली तिच्यावर लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतं. हे दुसरे राजाराम मात्र पाठ्यपुस्तकात नाहीत. ते फक्त एका फलकावर आहेत.

त्या फलकाखालून मात्र कोण कोण गेलं! गोपाळ कृष्ण गोखले इथं शिकले. माधव जूलियन राजाराम कॉलेजात फारसी शिकवत. ना. सी. फडके तिथं प्राध्यापक. प्राकृताचे मोठे पंडित आ. ने. उपाध्ये तिथलेच. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कॉलेजचं काम आर्य समाजाकडे सोपवलं होतं. आमचे आजोबा कुणीही भेटलं की हात जोडून 'नमस्ते' म्हणायचे, 'नमस्कार' नाही. गोव्यात ते वेगळं ऐकू यायचं. त्या नमस्तेचा धागा कोल्हापुरातल्या त्या वाऱ्यापर्यंत जात असावा असं मला आता वाटतं.

मॅट्रिक होऊन आजोबा मुंबईला गेले नाहीत. सगळ्यांना वाटलं होतं जातील. ते परत आले, आणि माशेलच्या पलीकडे एका घराच्या पडवीत अकरा मुलं घेऊन मराठी शिकवायला बसले. थोरल्या भावानं विचारलं, "पांच वर्सां हाचे खातीर?" आजोबांनी काय उत्तर दिलं ते घरात कुणाला आठवत नाही. शेगडी भावाकडे गेली. आजोबांनी सोन्याला पुन्हा हात लावला तो फक्त माझ्या बारशाच्या वेळी, कान टोचायच्या बारीक तारा ओढायला. जंत्री त्यांनी जपून ठेवली होती.

१९५५ मध्ये भारतानं आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्द बंद झाली. कोल्हापूरची पत्रं बंद. आजोबांना त्या वर्षांतलं एकच दुःख मोठं वाटायचं, पुस्तकं येत नव्हती. होती तीच पुस्तकं मुलांना पुनःपुन्हा वाचून दाखवायची. बाबा सांगतात, की एका पुस्तकाची शेवटची चार पानं गळालेली होती, ती आजोबांनी आठवून, हातानं लिहून, शिवून टाकली होती. राजारामात वाचलेलं पुस्तक. शेवट बरोबर लिहिला होता की स्वतःचा, हे तपासायला दुसरी प्रत नव्हती.

मुक्तीनंतर दिवस बदलले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि पडवीतले मास्तर सरकारी मास्तर झाले. मी त्यांच्याच वाटेनं गेले. फोंडा तालुक्यातल्या तीन शाळांत शिकवलं. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात अडतीस मुलं होती. निवृत्त झाले तेव्हा चारही वर्गांची मिळून नऊ. दोघा भावंडांची आई जुलैत आली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका, आम्ही त्यांना इंग्लिश मीडियममध्ये घालतो." मी रागावले नाही. तिनंही तेच केलं जे माझ्या पणजोबांनी १९३१ मध्ये केलं होतं. मुलाला जिथं पुढं वाट दिसते तिथं पाठवलं. पण त्या दोघांची नावं हजेरीतून खोडताना माझा हात जड झाला होता, हे खरं आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी कोल्हापूरला गेले. एकटीच. अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि बाहेर पडून भवानी मंडपाकडे चालत गेले. 'मेन राजाराम' विचारलं तर कुणीही हात दाखवतं. दगडी इमारत, कमानी, समोर मुलांच्या सायकली. फाटकापाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कुठनं आलासा?"

"गोव्याहून."

"गोव्यास्नं? मग भाईर का उभ्या? या की आत."

मी त्यांना सांगितलं, माझे आजोबा इथं होते, १९३६ला सुटले. ते उठले. खरोखर उठून उभे राहिले, जणू आजोबाच माझ्यामागून येत होते. मग एका वर्गाच्या दारापर्यंत घेऊन गेले. आत सातवी-आठवीची मुलं, फळ्यावर त्रिकोण काढलेला. भूमितीचा तास. छत फार उंच. मागच्या बाकावरचा एक मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मला त्या मुलाकडे बघून डोळे भरून आले. मी शिक्षिका आहे, लक्ष नसलेलं मूल ओळखता येतं. आणि ज्याचं मन घरी गेलेलं आहे असं मूल तर लगेच ओळखता येतं.

त्या गृहस्थांना मी विचारलं, "शाळेला नाव कुठल्या राजाराम महाराजांचं?"

"शाहू महाराजांच्या मुलाचं न्हवं का," ते म्हणाले. मी त्यांना फ्लॉरेन्सची गोष्ट सांगितली. उन्हात उभं राहून त्यांनी सगळी ऐकली. शेवटी एवढंच विचारलं, "ईस वर्साचं पोर?" आणि फलकाकडे बघत राहिले.

मी दाखल्याची छायाप्रत बरोबर नेली होती, शाळेला द्यावी म्हणून. दिली नाही. वर्ग सुटला, मुलं धावत बाहेर आली, त्या गर्दीत ते राहूनच गेलं. ती अजून माझ्या पर्समध्ये आहे. पुन्हा जाईन.

भाचा लिस्बनमध्ये एका गोदामात काम करतो, संध्याकाळी पोर्तुगीज शिकतो. त्याच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, टाळलेली भाषा तो आता घासून घासून शिकतोय. फेब्रुवारीत मित्रांबरोबर इटलीला गेला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहूनच फोन केला, व्हिडिओ कॉल. मागं उघडी बोडकी झाडं, सायकलवाले, कुत्री फिरवणारी माणसं.

"मावशी, सापडला गो तुझा राजाराम. वाट विचारताना नाव कुणाक कळना. मागीर म्हटलं, इंडियन राजा. तर म्हणाले, आ, इंदियानो!"

तिथं त्यांना तेवढंच म्हणतात. इंदियानो, हिंदुस्थानी माणूस. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही तेच, १९७८चा पूल, 'इंदियानोचा पूल'. तोच शब्द पोर्तुगीजमध्येही आहे. कुळ्याच्या जकात नाक्यावर आजोबांसाठी तोच वापरला गेला असेल. कोल्हापुरात नाव आहे, माणूस विसरलेला. तिथं माणूस आहे, नाव गेलेलं.

त्यानं फोन फिरवून छत्री दाखवली. आत रंगवलेला अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, दागिने. चेहरा फारच कोवळा. माझ्या वर्गात असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवला असता. मग भाच्यानं पाणी दाखवलं. एक मोठी नदी, आणि तिला येऊन मिळणारी एक बारीक.

"थंडी आसा," तो म्हणाला. "मावशी, हांव हांगा कितें करूं? फूल बील हाडूंक ना."

"पाणी आहे का तुझ्याकडे?"

त्यानं पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. अर्धी भरलेली. चार पावलं उतरून तो पाण्याच्या कडेला गेला, फोन एका हातात, त्यामुळे मला कधी आभाळ दिसत होतं, कधी त्याचे बूट.

"उदक सोडूं?" त्यानं विचारलं.

"सोडू नकोस," मी म्हटलं. "घाल."